वाचकांचे प्रश्न : नवी बोट खडकावर चढली, तळ फुटला

प्रश्न (धडगाव तालुका, जि. नंदुरबार) : राम राम. आमच्या मच्छीमार संस्थेनं नोव्हेंबरात २२ फुटी फायबरची नवी बोट घेतली. मागे १५ अश्वशक्तीचं आऊटबोर्ड इंजिन आहे. नर्मदेच्या फुगवट्यात जाळी टाकायला आणि पाड्यांवर धान्य पोचवायला तिचा रोजचा वापर. मार्चमध्ये नेहमीच्याच वाटेवर ती खडकावर चढली. दुसऱ्या बोटीनं ओढून काठावर आणली. तळाला, मधल्या कण्याच्या डाव्या अंगाला, वीतभर लांब आणि चार बोटं रुंद भोक पडलंय. आतली एक उभी पट्टी सुटल्यासारखी दिसते. चार महिन्यांची बोट आहे. वरून फायबर मारून घेतलं की भागेल का? आणि पुन्हा असं झालंच, तर पाण्यावर असताना आधी काय करायचं?

उत्तर : भाऊ, बोट वाचेल. वीतभर भोक फायबरच्या बोटीला झेपतं. पण वरून फायबर मारून भागणार नाही, कारण जे भोक दिसतंय ते नुकसानाचं एक टोक आहे. तळ खडकावर आदळला की फायबर आधी आत वाकतं. आतल्या पट्ट्यांजवळ त्याला वाकता येत नाही, तिथं ते तडकतं किंवा पट्टीपासून सुटतं. त्यामुळे भोक एका जागी आणि मोडतोड दोन-तीन फुटांवर, असं नेहमी होतं. तुमची सुटलेली पट्टी हेच सांगतेय.

म्हणून आधी तपासणी, आणि तीही घाई न करता. तळ आतून-बाहेरून स्वच्छ पाण्यानं धुऊन कोरडा करा. मग रुपयाचं नाणं किंवा स्क्रूड्रायव्हरची मूठ घेऊन भोकापासून बाहेरच्या दिशेनं दर दोन बोटांवर ठोकत जा. चांगलं फायबर टणक वाजतं. थर सुटले असतील तिथं आवाज बसका येतो, पोकळ भांड्यावर कापड टाकून वाजवावं तसा. जिथं आवाज बदलेल तिथं मार्करनं खूण करा. आतून रंग नसेल तर डोळ्यांनीही कळतं. शाबूत फायबर काचेसारखं थोडं पारदर्शक, हिरवट-पिवळसर दिसतं आणि आतून फाटलेलं दुधाळ पांढरं पडतं. ज्या जेलकोटवर (बोटीचा बाहेरचा गुळगुळीत रंगीत थर) कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा आहेत तिथं खालचे थर वाजवून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. खुणा जोडल्या की जो आकार होईल तेवढं खरं नुकसान. भोकाच्या दुप्पट-तिप्पट निघालं तर घाबरू नका, तेवढं निघतंच.

दोन जागा हमखास विसरल्या जातात. एक, मागची फळी, जिच्यावर इंजिन बसतं. इंजिनाचा पाय खडकाला लागला की सगळा झटका त्या फळीवर येतो. आतल्या कोपऱ्यांत उभ्या चिरा आहेत का, इंजिनाचे बोल्ट ढिले झालेत का, ते पाहा. शंका आली तर आतल्या बाजूनं ५ मिमीचं छोटं भोक पाडा. भुसा कोरडा आणि फिका निघाला तर आतलं प्लायवूड चांगलं आहे, ओला आणि काळपट निघाला तर पाणी शिरलंय. तपासून झालं की ते भोक रेझिनच्या (काचेचे धागे बांधून धरणारा, सुकून कडक होणारा द्रव) पुट्टीनं बुजवा. दुसरी जागा म्हणजे तळफळीखालचा फोम. तो फुटला की पाणी धरून ठेवतो आणि वरून कोरडाच दिसतो. भोकाजवळचा फोम कापून बाहेर काढा आणि मुठीत दाबून पाहा. पाणी सुटलं तर ओला असेल तेवढा सगळा काढावा लागेल.

मग वाळवण. खानदेशाचा उन्हाळा इथं उपयोगी पडतो. बोट विटांवर उचलून, हवा खेळेल अशी पाच-सात दिवस ठेवा. वाळली का ते बघायला दुरुस्तीच्या जागी जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपनं चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर अजून थांबा. ओल्या फायबरवर घातलेला थर आज चिकटल्यासारखा वाटतो आणि महिन्याभरात सुटतो.

आता कापणं. खूण केलेलं सगळं खराब फायबर कापून काढा, कोपरे गोल ठेवा. कापलेला तुकडा फेकू नका, त्याचा उपयोग पुढच्या उत्तरात आहे. हिशोबासाठी धरू की भोक आता ३० × १५ सेंमीचं झालं आणि तळाची जाडी ८ मिमी आहे. भोकाच्या कडेला बाहेरून ग्राइंडरनं उतार द्यायचा, जाडीच्या १२ पट. ८ × १२ म्हणजे ९६ मिमी, सरळ १० सेंमी धरा. भोकाभोवती चारही बाजूंनी परातीच्या काठासारखा पसरट उतार तयार झाला पाहिजे. सगळी दुरुस्ती या उतारावर उभी असते. नवं रेझिन जुन्या फायबरशी एकजीव होत नाही, ते खरवडलेल्या पृष्ठभागाला धरून राहतं. जितकी रुंद पकड, तितका जोड पक्का. तीन सेंमीचा उतार देऊन वर चार थर जादा घालणारे कारागीर भेटतात. त्या जादा थरांनी पकड वाढत नाही. ग्राइंडरला ४० नंबरचा कागद किंवा फ्लॅप डिस्क लावा. मास्क आणि चष्मा घाला, काचेची धूळ फुप्फुसात जाते. उतारावर जेलकोटचा कणही राहता कामा नये. शेवटी अ‍ॅसिटोनच्या स्वच्छ फडक्यानं एकदा पुसा आणि नंतर तिथं हात लावू नका.

तळ आत दबला असेल तर थर घालण्याआधी तो आतून ठोकळ्यानं सावकाश मूळ आकारात ढकलून खालून वाळूच्या पोत्यांचा आधार द्या. मग भोकाला आतून पाठ हवी. प्लायवूडवर प्लॅस्टिक पसरून त्यावर ४५० ग्रॅमच्या मॅटचे (काचेच्या सुट्या धाग्यांची चादर, वजन चौरस मीटरला) दोन थर रेझिनमध्ये भिजवून घाला, सुकले की पातळ लवचिक पत्रा मिळतो. तो भोकापेक्षा सगळीकडून ५ सेंमी मोठा कापा, खरवडा आणि पुट्टी लावून आतून चिकटवा. चार बारीक स्क्रू मारून ठेवा, पुट्टी घट्ट झाली की काढून घ्या. आता इंजिन उतरवून दहा-बारा माणसांनी बोट जुन्या टायरांवर पालथी घालावी. बाहेरचं काम पालथ्या बोटीवरच नीट होतं. डोक्यावरच्या तळाला मॅट लावायला गेलं की रेझिन हातावर गळतं आणि थरात हवा राहते.

थर असे : आधी ४५० ग्रॅमची मॅट, तिच्यावर ६०० ग्रॅमचं रोव्हिंग, म्हणजे काचेच्या जाड धाग्यांचं विणलेलं कापड, पुन्हा मॅट, पुन्हा रोव्हिंग. मॅट आणि रोव्हिंगची एक जोडी सुकल्यावर साधारण पावणेदोन मिमी भरते, म्हणजे ८ मिमीसाठी पाच जोड्या आणि शेवटी गुळगुळीतपणासाठी एक मॅट. जुन्या फायबरला पहिली मॅटच टेकली पाहिजे. रोव्हिंग जाड विणीचं असतं, ते थेट ठेवलं तर विणीखाली पोकळ्या राहतात. सगळ्यात मोठा तुकडा आधी की सगळ्यात लहान, यावर कारागिरांत दोन मतं आहेत. आम्ही मोठा आधी घालायला सांगतो. पहिला अखंड थर सगळा उतार झाकतो आणि नंतर घासताना जोडाची पकड कापली जात नाही. एका वेळी तीन-चार थरच घाला. जास्त घातले तर रेझिन स्वतःच्या उष्णतेनं तापतं, आकसतं आणि आतून तडकतं. प्रत्येक थरावर दात्यांचा लोखंडी रोलर फिरवून बुडबुडे काढा. पांढरा ठिपका दिसला की तिथं रेझिन पोचलं नाही असं समजा.

सामान किती लागेल? मॅटला तिच्या वजनाच्या सव्वादोन ते अडीच पट रेझिन लागतं, रोव्हिंगला साधारण वजनाइतकंच. वरच्या मापाला बाहेरचे थर, आतून भोकावर मॅटचे तीन थर आणि पट्टीची पुन्हा बांधणी धरून अडीच किलोच्या आसपास रेझिन होतं. पुट्टी आणि सांडलवंड धरून ४ किलो घ्या. मॅट २ किलो, रोव्हिंग १ किलो पुरे. रेझिन आयसो प्रकारचं पॉलिएस्टर मागा, साधं ऑर्थो पाण्यात तितकं टिकत नाही. विनाइल एस्टर मिळालं तर निदान पहिला थर त्याचा द्या, जुन्या फायबरला ते जास्त धरतं. इपॉक्सी त्याहून चांगलं चिकटतं, पण त्याच्यासोबत ही मॅट वापरू नका. मॅटचे धागे ज्या डिंकानं बांधलेले असतात तो पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरिननं विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही, आणि मॅट कडक राहून वाकायला नकार देते.

इथं एक गोष्ट जिवाची आहे. रेझिनबरोबर दोन छोट्या बाटल्या मिळतात. जांभळट असते ती अ‍ॅक्सिलरेटर, म्हणजे कोबाल्ट. पाण्यासारखा असतो तो हार्डनर. हे दोन्ही एकमेकांत थेट कधीही मिसळू नका. भडका उडतो, स्फोटही होतो. आधी अ‍ॅक्सिलरेटर रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, नंतरच हार्डनर घालायचा. दोन्हींचे चमचे वेगळे. रेझिन आधीच गुलाबी-जांभळट असेल तर दुकानात विचारा, त्यात अ‍ॅक्सिलरेटर घातलेला असतो. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा घालाच आणि जवळ पाण्याची बादली भरून ठेवा. थेंब गेलाच तर डोळा निदान १५ मिनिटं धुवा आणि तसंच दवाखाना गाठा.

हार्डनरचं माप हवेवर ठरतं. २५ अंशांच्या आसपास किलोला १५ ते २० ग्रॅम. एप्रिल-मेच्या ४२ अंशांत १० ग्रॅम. त्याहून कमी करू नका, कारण मग रेझिन कधीच पुरतं पिकत नाही. उन्हाळ्यात सकाळी सहा ते नऊ, सावलीत आणि एका वेळी अर्धा किलोच कालवा. डबा हाताला गरम लागला की तो घाणा संपला, लावायला जाऊ नका. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे पारा १० अंशांच्या खाली जातो. त्या दिवसांत काम दुपारी करा.

बाहेरचं झालं की एक दिवस जाऊ द्या, बोट सरळ करा आणि आतलं काम घ्या. पाठीचा पत्रा खरवडून त्याच्यावर मॅटचे तीन थर. सुटलेल्या पट्टीचे जुने फायबरचे पंख, म्हणजे तिला तळाशी जोडणारे थर, पूर्ण काढा. ती तळाला पुन्हा टेकवा, दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यात पुट्टीचा गोल भराव द्या, बोटाचं पेर बसेल एवढा, आणि त्याच्यावर १५ सेंमी रुंद मॅटचे तीन थर, निम्मे पट्टीवर, निम्मे तळावर. सुटलेल्या जागेच्या पुढे-मागे एक-एक वीत जास्त घ्या. भराव चुकवला तर मॅट काटकोनात वळत नाही, मागे पोकळी राहते आणि पहिल्या लाटेत पुन्हा तडकते.

शेवटी बाहेरून घासणं, बारीक पुट्टी आणि जेलकोटचे दोन हात. हवेला उघडा राहिलेला जेलकोट वरून चिकटच राहतो, म्हणून शेवटच्या हातात मेणाचं द्रावण घाला किंवा प्लॅस्टिक अंथरा. बोट वाळूच्या पोत्यांवर ठेवून आत दहा सेंमी पाणी भरून रात्रभर ठेवा आणि बाहेरून ओल शोधा. निदान एक आठवडा भार घालू नका.

पाण्यावरच्या गोष्टीकडे येतो. खडकावर चढल्या चढल्या इंजिन जोरात उलटं घालण्याचा मोह आवरा. बोट धारेवरून ओढली जाऊन छोट्या भोकाची लांब फट होते, आणि थंड करायच्या पाण्याबरोबर इंजिन गाळ-वाळू ओढतं. आधी इंजिन बंद करून वर उचला, सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट आहे का पाहा, मग तळफळी उघडा. पाणी येत नसेल तर माणसं आणि माल अडकलेल्या जागेपासून दूर हलवा आणि ज्या वाटेनं चढलात त्याच वाटेनं सावकाश मागे ओढा. दोर मागच्या कड्यांना बांधा, पातळ कठड्याच्या खुंटीला नको. ताणलेल्या दोराच्या रेषेत कुणी उभं राहू नये.

भोक मोठं असेल तर ओढूच नका. अशा वेळी खडकानंच बोट तोलून धरलेली असते, खोल पाण्यात आली की ती बसते. अंदाजासाठी एक हिशोब. पाण्याखाली एक फुटावरच्या तुमच्या भोकातून सेकंदाला १८ लिटरच्या आसपास पाणी येतं, म्हणजे दर सेकंदाला एक बादली. उपसून ते पुरं पडत नाही. तेच फूटभर लांब आणि दोन मिमी रुंद चिरेतून मिनिटाला ५० लिटर येतं, आणि दोन माणसं ते उपसू शकतात. म्हणून आधी भोक बुजवा. आतून गोधडी किंवा लाइफ जॅकेट दाबून त्यावर फळी ठेवा आणि फळी टेकूनं आवळा. बाहेरून ताडपत्री चार दोरांनी तळाखाली ओढून घ्या. पाण्याचा दाबच ती भोकावर चिकटवून धरतो. ओल्यावर बसणारं एम-सील बारीक चिरेला चालतं, काठापर्यंत येण्यापुरतं.

समुद्रावर अडकलेला माणूस भरतीची वाट पाहतो. आपल्याला ती सोय नाही. पावसाळा संपल्यावर धरणाचं पाणी खालीच जातं, आज अडकलेली बोट उद्या जास्त अडकते. त्याच दिवशी हालचाल करा.

प्रश्न (नवापूर तालुका, जि. नंदुरबार) : आमच्या महिला बचत गटाची मासेमारीची नवी बोट उकाईच्या फुगवट्यात दगडावर घासली. बोट बनवणाऱ्याचा माणूस आला, काठावरच दोन तासांत मॅटचे दोन थर लावून रंग मारून गेला. तीन आठवड्यांत ठिगळाच्या कडा उचलल्या, पाणी येतंय. दोष कुणाचा धरायचा?

उत्तर : ताई, आधी ते ठिगळ उचकटा. कडेखाली छिन्नी घालून उचललं आणि ते अखंड पापुद्र्यासारखं निघालं तर ते नीट चिकटलेलंच नव्हतं. मग उघड्या पडलेल्या जागेकडे पाहा. खाली चकचकीत जेलकोट दिसतो का? म्हणजे खरवडलं नाही. ओल किंवा शेवाळ आहे का? म्हणजे वाळवलं नाही. ठिगळाची आतली बाजू नखानं दाबली तर चिकट लागते का? म्हणजे हार्डनर कमी पडला किंवा ढवळला गेला नाही. दोन तासांत वाळवणं, घासणं आणि थर हे तिन्ही होऊच शकत नाहीत, त्यामुळे यातलं एक तरी सापडेल. उचकटण्याआधी, उचकटताना आणि नंतर फोटो घ्या. फोटोत फूटपट्टी ठेवा. दुरुस्तीचा दोष दुरुस्ती करणाऱ्याचा आहे आणि तो तुम्ही लेखी मांडू शकता.

दगडावर घासणं हा मात्र बांधणीचा दोष ठरत नाही. तरी बांधणी तपासायचा तुम्हाला हक्क आहे, आणि भोक कापताना निघालेला तुकडा त्यासाठी ठेवायचा. कॅलिपरनं त्याची जाडी मोजा. मग १० × १० सेंमीचा चौकोन कापून, वजन करून, उघड्या जागी वाऱ्याच्या पाठीशी उभं राहून जाळा. रेझिन जळून जातं, काच उरते. थर पुस्तकाच्या पानांसारखे सुटे होतात. मॅट किती, रोव्हिंग किती, हे मोजता येतं. उरलेल्या काचेचं वजन मूळ वजनाच्या तीस ते चाळीस टक्के असावं. वीस टक्केच भरलं तर नुसतं रेझिन ओतलंय. रोव्हिंगचा एकही थर सापडला नाही, किंवा कबूल केलेल्या जाडीपेक्षा दोन-तीन मिमी कमी भरली, तर बनवणाऱ्याशी बोलायला तुमच्या हातात पुरावा आहे. निम्मा तुकडा न जाळता जपून ठेवा.

नवी बोट घेणाऱ्या प्रत्येक गटानं पैसे देण्याआधी थरांचा तक्ता लेखी मागावा : तळाला कोणत्या वजनाचे किती थर, बाजूंना किती, कण्यावर किती. मागणीपत्रात तो जोडावा. बोट योजनेतून अनुदानावर घेतली असेल तर दुरुस्ती सुरू करण्याआधी मत्स्यव्यवसाय कार्यालयाला अर्ज देऊन त्याची पोच घ्या. विमा असेल तर कंपनीला त्याच दिवशी कळवा, पोलीस ठाण्यात नोंद करून पंचनामा मागा, आणि सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत ग्राइंडर लावू नका. घासून साफ केलेल्या भोकावर कुणीही दावा मंजूर करत नाही.

प्रश्न (मुक्ताईनगर तालुका, जि. जळगाव) : हतनूरच्या फुगवट्यात इंजिनाचा पंखा दगडाला लागला. पंख्याचं एक पातं वाकलंय, तरी इंजिन चालतं. असंच चालवावं का?

उत्तर : नको. पंखा काढा, दांडा न्यूट्रलमध्ये हातानं फिरवा आणि टोकाजवळ एक खिळा स्थिर धरा. फिरताना खिळ्यापासूनचं अंतर कमी-जास्त होत असेल तर दांडा वाकलाय. वाकलेला दांडा दर फेऱ्याला तेलाचं सील झिजवतो आणि गिअरमध्ये पाणी शिरतं. दांडा सरळ असला तरी इंजिन रात्रभर उभं ठेवून गिअरच्या तेलाचा खालचा स्क्रू किंचित ढिला करा. आधी पाणी आलं किंवा तेल दुधाळ निघालं तर सील गेलंय. तेल बदलताना वरचा-खालचा असे दोन्ही स्क्रू काढून खालच्या भोकातून भरायचं, वरून बाहेर येईपर्यंत. वरून भरलं तर आत हवा राहते. काढलेल्या तेलात लोखंडाचे चकचकीत कण असतील तर गिअरचे दात पाहून घ्या. इंजिनाचा वेग वाढतो पण बोट पुढे जात नाही, असं असेल तर पंख्याच्या आतलं रबर सुटलंय किंवा जुन्या बनावटीत पिन तुटलीय. हतनूरला गाळ फार, म्हणून पाण्याच्या पंपाचं रबरी चक्रही उघडून बघा. मागून पडणारी पाण्याची धार बारीक झाली की चक्र झिजलं असं समजा.

इंजिन पूर्ण बुडालं असेल तर त्याच दिवशी स्वच्छ पाण्यानं धुऊन, प्लग काढून, पाणी बाहेर फेकवून, तेल घालून सुरू करा. मेकॅनिक उद्या येणार असेल तर तोवर ते हवेत न ठेवता स्वच्छ पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवा. पाणी आणि हवा एकत्र लागली की गंज काही तासांत धरतो.

प्रश्न (शहादा तालुका) : तापीत लाकडी नाव आहे. सारंगखेड्याजवळ खडकावर लागून एक फळी चिरली. वर पत्रा मारून डांबर लावलं तर?

उत्तर : हंगाम निघेल, फळी मात्र जाईल. पत्र्यामागे ओल अडकते आणि चीर जिथं होती तिथून लाकूड कुजतं. चिरेच्या दोन्ही टोकांच्या पुढे आणखी वीतभर घेऊन फळी कापा. कापाची टोकं जवळच्या आडव्या वाश्यांवर येऊ द्या म्हणजे खिळ्यांना आधार मिळेल. त्याच जाडीचा वाळलेला सागवान बसवा, सांध्यात तेलात भिजवलेली सुताची दोरी ठोका, वरून राळ. हंगाम भरात असेल आणि पत्रा मारायचाच असेल, तर लाकूड वाळवून, पत्र्याखाली डांबरात भिजवलेलं तागाचं कापड घालून मारा आणि उन्हाळ्यात आठवणीनं काढा.

प्रश्न (धडगावच्या त्याच संस्थेकडून) : नेहमीच्या वाटेवर खडक आला कुठून? आणि तो पुढच्या वर्षी कसा टाळायचा?

उत्तर : खडक तिथंच होता, त्याच्यावरचं पाणी गेलं. सरदार सरोवराची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर आणि वापराची किमान पातळी ११०.६४ मीटर. दोन्हींत २८ मीटरचा फरक आहे, म्हणजे नऊ मजली इमारतीएवढा. ऑक्टोबरात ज्याच्यावर दहा मीटर पाणी असतं तो खडक मार्चमध्ये इंजिनाच्या पंख्याला लागतो. आपला काळा पाषाण पायऱ्या-पायऱ्यांनी उतरतो. काठापासून लांब आणि खोल पाण्यात आहोत असं वाटत असतानाच पुढच्या पायरीचा कंगोरा हातभर खाली असतो. त्यातच अक्कलकुवा आणि अक्राणी (म्हणजे तुमचा धडगाव) तालुक्यांतली ३३ गावं या पाण्याच्या बुडीत क्षेत्रात आली. शेतांचे दगडी बांध आणि झाडांचे बुंधे अजून खाली उभे आहेत.

उपाय कागद-पेन्सिलीचा आहे. पाणी सगळ्यात खाली असेल त्या मे-जूनच्या दिवसांत वाटेवरून हळू जा. दिसणाऱ्या प्रत्येक खडकाची जागा मोबाइलच्या जीपीएसवर नोंदवा आणि त्या दिवशीची धरणाची पातळी शेजारी लिहा. समजा त्या दिवशी पातळी ११८.४० मीटर आहे आणि खडक पाण्यावर ०.६० मीटर डोकं काढून आहे. म्हणजे खडकाचा माथा ११९.०० मीटरवर. तुमच्या भरलेल्या बोटीचा पंखा पाण्याखाली ०.७० मीटर जातो, त्यावर एक मीटर राखीव धरा. बेरीज १२०.७०. रोजची पातळी याच्या खाली आली की त्या वाटेनं जायचं नाही. खडक पाण्याखाली असेल तर काठीनं खोली मोजून ती पातळीतून वजा करा. सगळ्या खडकांचे असे आकडे एका पाटीवर लिहून धक्क्यावर लावा आणि रोज सकाळी पातळी विचारून शेजारी खडूनं लिहा. चालवणारा बदलला तरी आकडे तिथंच राहतात.

खूण म्हणून पिंप बांधायचं तर ठरावीक लांबीचा दोर चालत नाही. पाणी वर गेलं की पिंप बुडतं, खाली गेलं की पन्नास हात वाहत जातं. पिंपाच्या तळाला लोखंडी कडं लावा. दोराचं एक टोक खडकावर ५०-६० किलोच्या दगडाला बांधा, दोर कड्यातून ओवा आणि दुसऱ्या टोकाला पाच-सहा किलोचं वजन लोंबतं ठेवा. पाणी उतरलं की वजन खाली जातं आणि दोर ताणलेला राहतो. वजन तळाला टेकलं की तिथून पुढे मात्र दोर सैल पडू लागतो. पिंपाला पिवळा रंग द्या, दर पंधरा दिवसांनी दोर कड्यात घासतो तिथं हात फिरवून पाहा आणि काथ्याऐवजी नायलॉनचा १२ मिमीचा दोर वापरा.